सोळा अक्षरांचे नाना

इंग्रजी मजकूर समोर आला की मी आजही आधी त्यातले ई मोजते. वाचते नंतर. वर्तमानपत्र धरून माझे ओठ हलायला लागले की घरातले सगळे ओळखतात, ही वाचत नाहीये, मोजतेय. नातवंडं हसतात. हसू देत. ही खोड मला धुळ्याच्या चौथ्या गल्लीतल्या एका छापखान्यातल्या नथूनानांनी लावली. त्यांच्यामुळे माझी नोकरी टिकली, माझ्या तेवीस मुलींचा वर्ग टिकला. त्यांची एवढी तरी खूण अंगावर वागवायला मला आवडतं.

नाना खिळे जुळवायचे. त्या काळी छापायचं म्हणजे शिशाचे बारके खिळे असत, एकेका खिळ्याच्या डोक्यावर एकेक उलटं अक्षर. लाकडी पेटीला खण असत, त्यांना नाना घरं म्हणत. त्या घरांतून एकेक अक्षर उचलायचं, ओळ लावायची, ओळीखाली ओळ, आणि मग शाई फिरवून कागद दाबायचा. उंचीने बेताचे, डोक्यावर काळी टोपी, चष्म्याची एक काडी मोडलेली म्हणून तिथे पुस्तक शिवायचा दोरा कानाला गुंडाळलेला. उजव्या हाताची तीन बोटं शिशाने कायमची काळी पडलेली. भाकरी खायच्या आधी ते राखेने ती बोटं इतका वेळ घासत की ठेच्यावरचं तेल मुरून जाई. बोटं काळीच राहत.

मूळचे भडगावकडचे, गिरणेच्या काठचे. शिक्षण मराठी तिसरी. इंग्रजीत कुणाला ‘या, बसा’ म्हणायची सोय नाही, आणि छापखान्यातलं सगळं इंग्रजी काम यांच्याकडे! वकिलांची कार्डं, डॉक्टरांची लेबलं, कचेरीच्या नोटिसा, सगळं नाना बिनचूक जुळवत. कसं, तर त्यांना शब्द ऐकून किंवा वाचून येत नसे, हाताला येत असे. हात आधी कुठल्या घराकडे जातो, तिथून कुठे वळतो, ही वाट त्यांना पाठ होती. एकदा मी त्यांना आमच्या मुलींसारखं ए बी सी डी म्हणून दाखवलं, तर ते चकितच झाले. म्हणाले, “हाई कोणती रांग शे, बाई?” त्यांची रांग पेटीतली होती. पेटीत ई सगळ्यांत मोठ्या घरात, हाताशी. नाना तिला मोठ्या घरची सून म्हणत, कारण कुठलंही काम निघालं की आधी तिलाच हाक. क्यू हा जावई. वर्षातून एकदा येणार आणि सोबत यू असल्याशिवाय पाऊल टाकणार नाही. झेडचं नाव निघालं की म्हणत, “त्याले झोपू द्या.”

आता त्यांच्या वहीबद्दल सांगायला हवं. छापखान्यातला इंग्रजी खिळा जुना, दुसऱ्या हातचा. एक अक्षर आहे तर दुसरं नाही. मालक नवा खिळा मागवायला कधी तयार होत नसत आणि पुढे महायुद्ध सुरू झाल्यावर शिसं मिळेनासंच झालं. त्यामुळे अर्ध्या मजकुरावर ई संपले, आता काय, ही नानांची रोजची कटकट. तेव्हा त्यांनी वाया गेलेल्या प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदांची एक जाड वही शिवली आणि हाताखालून गेलेला प्रत्येक इंग्रजी शब्द तिच्यात उतरवायला लागले. तेही स्वतःच्या हाताने नाही. खिळे जुळवून त्यांचा ठसा उमटवत. शब्द लावले होते ते घरांप्रमाणे. ज्यांना ई लागत नाही ते एका पानावर. ज्यांना एकच लागतो ते दुसऱ्यावर. फक्त आठ घरांत हात घालून होणारे शब्द वेगळे. जवळ जी अक्षरं शिल्लक असतील तेवढ्यांतून कोणते शब्द निघतात, हे नाना वही उघडून दोन मिनिटांत सांगत. अर्थ मात्र बहुतेकांपुढे कोराच. कुणी शहाणं गिऱ्हाईक आलं की त्याला चहा पाजून तीनचार अर्थ काढून घेत आणि पुढे बाळबोधीत लिहून ठेवत.

छापखान्याचे मालक एक गोष्ट फार रंगवून सांगत. गावातल्या एका कापूसवाल्या शेटजींच्या मुलाचं लग्न होतं आणि कलेक्टरसाहेबांसाठी इंग्रजी पत्रिका छापायची होती. वकिलाने मजकूर लिहून दिला तो असा लांबलचक, आणि एकेका शब्दात तीनतीन ई. नाना तो कागद घेऊन थेट शेटजींच्या पेढीवर गेले. म्हणाले, एवढे ई नाहीत, दुसरे शब्द देतो. शेटजी खवळले. लग्न माझ्या पोराचं की तुझ्या खिळ्यांचं? नाना वही उघडून उभेच. शेवटी कुठल्याशा क्लबाच्या नोटिशीतला आणि कुठल्याशा सभेच्या निमंत्रणातला शब्द एकत्र करून त्यांनी तीनच शब्द लावले: काइंडली जॉइन अस. ई एकही नाही. खाली जागा, तारीख, वेळ. कलेक्टरसाहेब लग्नाला आले आणि म्हणे शेटजींना म्हणाले, की या जिल्ह्यात मला शेवटपर्यंत वाचता आलेली ही पहिलीच पत्रिका. खरं-खोटं मालक जाणे. शेटजी मात्र तेव्हापासून सगळं काम नानांकडेच आणत, आणि आणताना विचारत, “नाना, आज कोणतं अक्षर उपाशी आहे?”

माझा आणि नानांचा संबंध आला तो युद्धाच्या चौथ्या वर्षी. मी जळगावची, नुकतीच धुळ्याच्या मुलींच्या शाळेत लागलेली. शाळेत नवा इंग्रजीचा वर्ग काढला होता. तेवीस मुली, आणि पुस्तक एकही नाही. मुंबईहून येणारी पुस्तकं बंद झालेली. शाळेच्या कमिटीतल्या बऱ्याच जणांना हा वर्ग मुळातच नको होता. मुलींना इंग्रजी कशाला, असं ते तोंडावर म्हणत. त्यांनी ठराव केला की दिवाळीनंतर तपासनीस साहेब येतील, त्या दिवशी मुलींच्या हातात पुस्तक नसेल तर वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे मीही घरी. पण माझं एक वेळ राहू द्या. त्या तेवीसांपैकी निम्म्या मुलींची स्थळं बघून ठेवलेली होती, शाळा सुटण्याचीच वाट होती. मी इरेला पेटले. रात्रंदिवस बसून तीस धडे स्वतः लिहिले, कमिटीकडून कागद-छपाईच्या खर्चाची मंजुरी ओढून काढली, आणि तो गठ्ठा घेऊन छापखान्यात गेले. फार ऐटीत गेले होते, खोटं कशाला सांगू.

नानांनी गठ्ठा हातात घेतला. मी म्हटलं, “वाचून बघा, कसं झालंय.”

“वाचानं मंग देखू, बाई. पहिले मोजू द्या.”

आणि मोजायला लागले. मी उभी. बराच वेळ ओठ हलले, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“तुमना पहिला धडामा ई लागतस एकतीस. आपलाकडे मोठा ई शेत नऊ.”

लागणार एकतीस आणि आहेत नऊ! पोरींना वाचायला मोठं अक्षर हवं. ते मोठं अक्षर छापखान्यात होतं, नाटकांच्या जाहिरातींसाठी कधी घेतलेलं. पण त्यातली दहा अक्षरं मोडीत निघाली होती. उरली होती सोळा. सी नाही, एफ नाही, के नाही, डब्ल्यू नाही, वाय नाही. मला रडूच यायचं बाकी होतं. तपासणीला सहा आठवडे राहिलेले. मी म्हटलं, “नाना, सोळा अक्षरांत कुठे इंग्रजी होतं का?”

त्यांनी टेबलाखालून वही काढली, तिच्यावरची धूळ बाहीने पुसली आणि म्हणाले, “शब्द तं बठ्ठा शेत, बाई. कोणता बसतस ते शोधनं पडी.” बठ्ठा म्हणजे सगळे.

ते सहा आठवडे मी जन्मात विसरणार नाही. शाळा सुटली की छापखाना. नाना वहीतून शब्द काढत, मी अर्थ सांगे. मजुरीव्यतिरिक्त त्यांची एकच अट होती, ज्या शब्दापुढे कोरं आहे त्याचा अर्थ मी सांगायचा, आणि घाईने नाही, नीट. एखाद्या शब्दाचा अर्थ कळला की ते तो खिळ्यांत जुळवलेला शब्द तळहातावर घेऊन थोडा वेळ बघत बसत. ‘स्टोन’ म्हणजे दगड कळलं त्या दिवशी म्हणाले, की हा मी वीस वर्षांत किती वेळा उचलला, वजन कधी कळलं नाही.

आणि अर्थ कळला की मग हुज्जत. माझ्या हस्तलिखितात सफरचंद होतं. सगळ्या इंग्रजी पुस्तकांत पहिलं सफरचंदच असतं. त्याची सगळी अक्षरंही होती आमच्याकडे. तरी नानांनी ते काढून बाजूला ठेवलं.

“सफरचंद? धुळ्यामा कोणी देखेल शे?”

“नाना, अक्षरं बसतायत ना?”

“अक्षर बसतस. पोरीसना डोकामा बसाले पाहिजे ना.”

शब्द जवळच्या अक्षरांतला हवा आणि पोरींनी डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूचा हवा, असा त्यांचा दुहेरी काच. पण काय काय सापडलं! सन, मड, पॉट, सॉल्ट, ऑइल. गोट आणि हेन. कांदा सापडला, ऑनिअन, आणि त्यात ई नाही म्हणून नाना दिवसभर खूश. टॅमरिंड म्हणजे चिंच कळल्यावर त्यांनी स्वतःहून तिच्यासाठी चौकट केली. ग्राउंडनट म्हणजे भुईमूग सापडला तेव्हा मला वहीवर टाळी द्यावीशी वाटली. केळं तर आमच्या जळगावचंच, बनाना, आणि त्याला तीनच घरं लागतात. काय नव्हतं तेही सांगते. गाय नव्हती, दूध नव्हतं, पाणी नव्हतं. खानदेशातलं पुस्तक आणि त्यात कापूस नाही. शाळेतलं पुस्तक आणि त्यात ‘बुक’ नाही. मी एकेकासाठी हळहळे. नाना म्हणत, जे घरात आहे त्याचा स्वयंपाक करा.

तपासणीच्या आधी आठ दिवस पहिल्या धड्यांचे छापलेले कागद घेऊन नाना स्वतः वर्गात आले. दाराशी चपला काढून उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. मुलींनी मोठ्याने वाचलं, मदर इज ॲट होम. सिस्टर आली, ब्रदर आला. मग कमल नावाची एक मुलगी उठली. तिचे वडील बेचाळीसच्या चळवळीत पकडले गेले होते आणि अजून तुरुंगातच होते. तिने विचारलं, “बाई, आई शे, भाऊ शे, बहीण शे. बाप कठे शे?”

एफ नव्हता, म्हणून फादर नव्हता. पण हे त्या पोरीला कसं सांगायचं? दारातून नाना म्हणाले, “बाप कामले गयेल शे, बेटी. ई जाई.”

येईल म्हटल्यावर कमल खाली बसली आणि पुढची ओळ वाचायला लागली. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. तेव्हा पडले नाही, ते चुकलंच.

तपासनीस साहेब आले. कोटटोपीतले, आपलेच मराठी, पण चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलू न देणारे. मागे कमिटीतले दोघं. मुलींनी वाचून दाखवलं, छान दाखवलं. साहेब पुस्तक चाळत राहिले. पुढून मागे, मागून पुढे. मग विचारलं, “यात राजा कुठे आहे?”

मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, “इंग्रजीच्या प्रत्येक पहिल्या पुस्तकात राजा असतो. तुमच्या पुस्तकात शेळी आहे, कांदा आहे. किंग नाही. हे कोणी ठरवलं?” मग वर्गावर नजर टाकून कमिटीतल्या एकाला हळूच विचारलं, की तुरुंगातल्या माणसाची मुलगी याच वर्गात ना? मी अक्षरांचं सांगायला लागले तर ते म्हणाले, की दहा अक्षरं नाहीत असा छापखाना मी पाहिलेला नाही. मी शाळेच्या गड्याला छापखान्यात पिटाळलं.

नाना आले ते डोक्यावर ती मोठ्या अक्षरांची अख्खी पेटी घेऊन, घामाघूम. साहेबांच्या टेबलावर त्यांनी ती ठेवली.

“राजाले मी काय ना म्हणस, साहेब? पन त्याना पहिला खिळाच मन्हाकडे नही. देखा. बठ्ठा मिळीसन सोळा शेत.”

साहेबांनी घराघरांत बोट घालून पाहिलं. दहा घरं रिकामी, तळाला धूळ. नाना म्हणाले, “तुम्हीच लावी देखा. कोणता बी शब्द.” आणि जुळवायची पट्टी त्यांच्या पुढ्यात सरकवली.

साहेबांनी काय करावं? खुर्ची ओढली. प्रथम ‘लँटर्न’ सुचला त्यांना, नानांनी झटकन जुळवला. मग जरा विचार करून ‘पोस्टमन’. तोही बसला. आता साहेबांना चेव आला. कोट काढून खुर्चीला लावला, डोळे मिटून बोटांवर अक्षरं मोजायला लागले. शब्द सुचे, एखादं अक्षर अडे, मान हलवून दुसरा शोधत. मुली श्वास रोखून बघत होत्या. शेवटी ते म्हणाले, “इन्स्पेक्टर लावा.”

नानांचा हात भराभर फिरला आणि मध्येच रिकाम्या घरावर थांबला. सी नव्हता.

“साहेबबी नही बसतस,” नाना अगदी वाईट वाटून म्हणाले. “टीचर बी नही. बाई बी बाहेरच शेत.”

मग साहेब हसले. असे हसले की कमिटीतल्या दोघांना नाइलाजाने हसावं लागलं. शेरेबुकात त्यांनी लिहिलं की पुस्तक समाधानकारक असून वर्ग चालू ठेवावा. जाताना दारातून वळून नानांना म्हणाले, “आणि ‘प्लाउ’ घाला. नांगर. अक्षरं आहेत तुमच्याकडे.” नानांनी दुसऱ्या दिवशी घातला.

वर्ग चालू राहिला. तेवीसांपैकी एकोणीस मुली पुढच्या इयत्तेत गेल्या. कमल पुढे नर्स झाली. हे सगळं माझ्या शिकवण्याने झालं असं लोक म्हणाले आणि मी ते बऱ्याचदा ऐकूनही घेतलं. आज स्पष्ट लिहिते. ते पुस्तक नसतं तर वर्ग नसता, आणि नाना नसते तर पुस्तक नसतं.

मी नानांना शेवटचं पाहिलं ते देश स्वतंत्र झाला त्या वर्षी. माझी जळगावला बदली झाली होती. निरोप घ्यायला छापखान्यात गेले. नवा खिळा आला होता, सव्वीसच्या सव्वीस अक्षरं, चकचकीत. आमच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत होती. नाना थकलेले दिसले, चष्म्याला आता दोन्हीकडे दोरा. पण उत्साह केवढा! गाय आली, दूध आलं, पाणी आलं, एकेक पान काढून दाखवत होते. शेवटी तो मदरचा धडा पुढे केला. तिच्या शेजारच्या ओळीत फादर होता.

“बाप घर उना, बाई.”

कमलचे वडील तर केव्हाच सुटून आले होते. तरी माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी म्हटलं, “आणि आता के आहे, तर राजाचं काय?”

नाना खुदकन हसले. “आते के उना, तं राजाच निंघी गया.”

मी म्हटलं, या आवृत्तीवर तुमचं नाव छापा. ते हातच जोडायला लागले. मजुराचं नाव कोण छापतं? मी हट्ट धरला, मग रागावले, शेवटी माझी स्वतःची प्रत त्यांच्यापुढे उघडून धरली. छापू नका, निदान इथे तुमच्या हाताने लिहा. इंग्रजीत लिहा, हे पुस्तक इंग्रजीचं आहे.

नानांनी टाक घेतला. वीसपंचवीस वर्षं त्यांनी साऱ्या गावाची नावं इंग्रजीत जुळवली होती, स्वतःचं कधी लिहिलं नव्हतं. फार वेळ लागला. ओठ हलत होते, शब्दाची घरं मोजत असावेत. लिहून झाल्यावर त्यांनी पुस्तक माझ्याकडे वळवलं आणि मी बघतच राहिले. नाव उजवीकडून डावीकडे गेलं होतं. एकूण एक अक्षर उलटं, आरशात दिसावं तसं. खिळ्यावर असतं तसं. नानांच्या हाताने इंग्रजी अक्षर जन्मभर शिशातच धरलं होतं, त्या हाताला तेच सुलट.

माझ्या चेहऱ्याकडे बघून ते घाबरले. “चुकनं का, बाई?”

शाई ओली होती. मी टेबलावरचा कोरा टिपकागद उचलला, नावावर ठेवला आणि तळहाताने दाबला. उचलून त्यांच्यापुढे धरला. टिपकागदावर नथू हे नाव स्वच्छ, सरळ, डावीकडून उजवीकडे उमटलं होतं.

नानांनी तो कागद दोन्ही हातांत धरला, उजेडाकडे नेला आणि अर्थ कळलेला शब्द बघत असत तसे बघत बसले. मी तशीच निघाले. दारातून वळून पाहिलं तेव्हा ते काळ्या बोटाने एकेक अक्षर मोजत होते.